सिगारेट कमी करून तंबाखू चघळू लागल्याने धोका कमी होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, सुमारे १८ वर्षे रोज दहा-बारा सिगारेटी. सकाळचा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप वाढल्यामुळे तुम्ही सिगारेटी दिवसाला दोनवर आणल्या आणि त्यांच्या जागी चुना लावलेली तंबाखू गालात धरू लागलात. खोकला कमी झाला. आता तुम्ही विचारता की फुप्फुसांचा धोका टळला असेल तर हाच क्रम पुढे चालू ठेवण्यास हरकत आहे का, आणि दोन सिगारेटी कितपत बाधतात. पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता लिहिले आहे की डाव्या गालात, तंबाखू ठेवता त्याच जागी, महिनाभरापासून एक खरखरीत पांढरा चट्टा आहे, पण तो दुखत नाही. मी तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि तंबाखूमुक्तीचे उपचार अशी दोन्ही कामे करतो, म्हणून उत्तराचा क्रम उलटा लावतो. आधी चट्टा, मग बाकीचे.

तंबाखू जिथे रोज तासन्‌तास टेकून राहते तेथील नाजूक अस्तर जाड आणि पांढुरके होते. पुसून निघत नाही आणि ज्याला दुसरे काही कारणही सापडत नाही, अशा चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. असे बहुतेक चट्टे कधीच कर्करोगात बदलत नाहीत, हे आधी सांगतो, कारण घाबरून तपासणीच टाळणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. मात्र कोणता चट्टा बदलेल हे तुम्हाला आरशात पाहून कळणार नाही आणि मलाही नुसत्या नजरेने खात्रीने सांगता येत नाही. पांढऱ्यात लाल ठिपके असतील किंवा संपूर्ण चट्टाच लाल, मखमलीसारखा असेल, तर संशय कितीतरी पटींनी वाढतो. अशा लाल चट्ट्यांत पहिल्याच तपासणीत बिघडलेल्या पेशी किंवा प्रत्यक्ष कर्करोग सापडणे मुळीच विरळा नाही. तोंडातील कोणतीही जखम, चट्टा किंवा गाठ तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर ती तज्ज्ञाला दाखवावी आणि गरज असेल तर तिचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा, असा आमच्याकडील सर्वसाधारण नियम आहे. तुमची ती मुदत उलटून गेली आहे. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो या भीतीला आधार नाही. मलमे लावत आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत महिने घालवणे हीच या आजारात सर्वांत महाग पडणारी गोष्ट आहे. चट्टा दुखत नाही याचाही दिलासा मानू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि दुखू लागतो तेव्हा तो अनेकदा खोलवर किंवा मानेतील गाठींपर्यंत गेलेला असतो.

तपासणीच्या वेळी तोंड पूर्ण उघडते का हेही पाहून घ्या. आपलीच तीन बोटे एकावर एक ठेवून दातांमध्ये जात नसतील, किंवा तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर गालाखालील ऊती कडक होत जाण्याचा आजार सुरू झालेला असू शकतो. या आजाराचे मुख्य कारण सुपारी आहे. तुम्ही फक्त तंबाखू-चुना लिहिले आहे, पण तयार मिश्रणे वापरत असाल तर त्यांत बहुधा सुपारी असतेच. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. त्यामुळे ‘बिनतंबाखूची’ म्हणून विकली जाणारी पुडी हा सुरक्षित पर्याय ठरत नाही. या आजारात कडक झालेल्या ऊती सुपारी सोडल्यानंतरही पूर्ववत मऊ होत नाहीत. तंबाखूचे साधे पांढरे चट्टे मात्र सवय सुटल्यावर काही आठवड्यांत पुसट होतात, कधी नाहीसेही होतात. तरीही तपासणी आधी करावी आणि चट्टा जाण्याची वाट नंतर पाहावी.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. तंबाखूच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की बराच गोंधळ मिटतो. तलफ लावते ते निकोटीन. कर्करोग घडवण्याचे काम मात्र मुख्यतः त्याच्यासोबत येणारी इतर द्रव्ये करतात. सिगारेट पेटते तेव्हा धुरात सात हजारांहून अधिक रसायने तयार होतात आणि त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगकारक म्हणून ओळखली गेली आहेत. बेंझोपायरीन, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, काही सुगंधी अमाइने आणि अल्प प्रमाणात किरणोत्सारी पोलोनियमसुद्धा त्यांत आहे. तंबाखू न पेटवता गालात धरली तर ज्वलनातून येणारी द्रव्ये मोठ्या प्रमाणात टळतात, हे खरे आहे. पण पान वाळवताना, मुरवताना आणि साठवताना त्यातील निकोटीन व तत्सम द्रव्यांपासून नायट्रोसामाइन नावाची संयुगे बनतात. त्यांना आगीची गरज लागत नाही. त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके ही दोन माणसात कर्करोग घडवणारी आहेत, हे निश्चित मानले जाते. शिवाय पानात कॅडमियम, शिसे, निकेल यांसारखे जड धातू असतात. म्हणजे तुम्ही विषांची एक यादी सोडून दुसरी घेतली आहे, आणि दोन सिगारेटींमुळे पहिलीही पूर्णपणे सोडलेली नाही.

यात चुन्याची भूमिका अनेकांच्या लक्षात येत नाही. निकोटीन आम्लधर्मी वातावरणात असताना तोंडाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. चुन्यामुळे लाळ अल्कधर्मी होते, निकोटीन मुक्त रूपात येते आणि गालातून झपाट्याने रक्तात शिरते. त्याच वेळी चुना अस्तराला भाजतो आणि तेच अस्तर नायट्रोसामाइनच्या संपर्कात राहते. सिगारेटच्या धुरातील निकोटीन फुप्फुसांतून दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. गालातून ते हळू चढते पण अधिक वेळ टिकून राहते, आणि दिवसभरात मिळणारा एकूण डोस सिगारेटइतका किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. चघळणारे पुष्कळ लोक ‘मला व्यसन नाही, नुसती सवय आहे’ असे म्हणतात याचे कारण हा सौम्य चढ असावा, असे मला वाटते. पण सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला बार भरावा लागत असेल, तर ते निकोटीनचे पक्के व्यसनच आहे.

धोका कुठे कमी होतो हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फुप्फुसाचा कर्करोग आणि श्वसनमार्ग कायमचा अरुंद होत जाण्याचा आजार, ज्याला सीओपीडी म्हणतात, या दोन्हींचा प्रमुख संबंध धुराशी आहे. केवळ चघळणाऱ्याला त्यांचा धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत फारच कमी असतो. स्वीडनमधील स्नूस हा ओठाखाली ठेवण्याचा प्रकार वाफेवर प्रक्रिया केलेल्या तंबाखूचा असतो, त्यात नायट्रोसामाइन कमी असतात आणि त्याची हानी सिगारेटपेक्षा बरीच कमी आहे. हे उदाहरण देऊन ‘धूर नाही म्हणजे सगळे ठीक’ असा निष्कर्ष काढणारे लेख तुमच्या वाचनात आले असतील. परंतु त्या पदार्थावरून मुरवलेल्या, चुना लावलेल्या, सुपारी मिसळलेल्या तंबाखूबद्दल काहीही सिद्ध होत नाही, कारण या पदार्थांतील नायट्रोसामाइनचे प्रमाण अनेक पटींनी अधिक असू शकते. धूरविरहित तंबाखूमुळे तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांचे कर्करोग होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संशोधन संस्थेच्या २०१२ च्या अहवालात पुरेशा पुराव्यासह नोंदले आहे. मिश्री असो, तपकीर असो किंवा मळलेली तंबाखू, हा निष्कर्ष सर्वांनाच लागू होतो.

फुप्फुसाचे गणित असे थोडे बाजूला झाले तरी हृदयाचे गणित शिल्लक राहते, आणि चघळणाऱ्यांच्या हिशेबात ते सहसा नसतेच. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासातील तंबाखूविषयीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत हृदयविकाराच्या झटक्याच्या शक्यतेचे गुणोत्तर धूम्रपान करणाऱ्यांत २.९५, तंबाखू चघळणाऱ्यांत २.२३ आणि दोन्ही करणाऱ्यांत ४.०९ आढळले. तुम्ही सध्या या तिसऱ्या गटात आहात. एका सवयीने दुसरीची जागा घ्यावी अशी तुमची अपेक्षा होती. व्यवहारात बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही सवयी शेजारी शेजारी नांदतात, कारण जिथे धूर चालत नाही तिथे तंबाखू चालते आणि शरीराला निकोटीनची सुट्टी मिळतच नाही.

‘फक्त दोनच’ सिगारेटींच्या संदर्भात एक गोष्ट विलक्षण आहे आणि ती अनेक डॉक्टरांनाही पटकन पटत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढलेल्या सिगारेटींच्या संख्येबरोबर बऱ्यापैकी प्रमाणात वाढतो. हृदयाचे तसे नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिवसाला सुमारे एकच सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हृदयरोगाचा जो अतिरिक्त धोका दिसला, तो दिवसाला वीस ओढणाऱ्यांच्या अतिरिक्त धोक्याच्या जवळजवळ निम्मा होता. संख्येच्या हिशेबाने तो विसावा भाग असायला हवा होता. याचे कारण असे की रक्तातील प्लेटलेट चिकट होणे, रोहिणीच्या आतल्या अस्तराची सैल होण्याची क्षमता घटणे, या गोष्टी थोड्याशा धुरानेच सुरू होतात आणि पुढे डोस वाढला तरी त्या प्रमाणात वाढत नाहीत. त्यात कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणजे हृदयाची मागणी वाढलेली असतानाच त्याचा पुरवठा घटतो. दहावरून दोनवर येणे निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, कारण कर्करोगाच्या बाजूने त्याचा फायदा आहे. पण तिथेच मुक्काम करू नये. शिवाय सिगारेटी कमी करणारे लोक नकळत प्रत्येक सिगारेट अधिक खोल आणि अधिक शेवटपर्यंत ओढतात. ‘लाइट’ म्हणून विकल्या गेलेल्या सिगारेटींचा फायदा दिसला नाही तोही याच कारणाने. हुक्क्याचे पाणी धुराला थंड करते, शुद्ध करत नाही, आणि तासाभराच्या बैठकीत छातीत जाणारा धूर एका सिगारेटच्या कितीतरी पट असतो.

फुप्फुसांच्या बाबतीत वर्षे फार महत्त्वाची असतात. किती ओढली यापेक्षा किती वर्षे ओढली याचा कर्करोगाच्या धोक्यावर जास्त प्रभाव पडतो. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचा धूम्रपानाशी संबंध दाखवला आणि १९५१ पासून ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच सवयी व मृत्यू यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. पन्नास वर्षांनंतर, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की आयुष्यभर धूम्रपान करणारे न करणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी मरण पावले. त्याच अभ्यासात साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांची सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांची सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांची नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांची जवळपास पूर्ण दहा वर्षे परत मिळाली. तुम्ही बेचाळीस वर्षांचे आहात, म्हणून हे आकडे मुद्दाम दिले.

तुमचा खोकला कमी झाला हे चांगलेच आहे, पण खोकला हा श्वासनलिकांच्या क्षोभाचा आरसा आहे, फुप्फुसांच्या क्षमतेचा नव्हे. वाढत्या वयाबरोबर प्रत्येकाची श्वसनक्षमता हळूहळू घटतेच. ज्यांच्या फुप्फुसांना धूर विशेष बाधतो त्यांच्यात ती घट वेगाने होते. सोडल्यावर गेलेली क्षमता फारशी परत येत नाही, पण घसरणीचा वेग सामान्य माणसाच्या जवळ येतो.

इतर अवयवांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण यादी लांबलचक आहे. धुरातील सुगंधी अमाइने मूत्रपिंडांतून गाळली जाऊन मूत्राशयात साठतात आणि तिथे कर्करोग घडवतात, म्हणून लघवीतून रक्त आल्यास, ते एकदाच आले आणि दुखले नाही तरीही, तपासणी करावी. धूम्रपानाने टाइप-२ मधुमेहाचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी वाढतो, क्षयरोगाचा वाढतो, अस्थिभंग जुळायला वेळ लागतो, शस्त्रक्रियेची जखम चिघळते, पुरुषांत लैंगिक दुर्बलता येते. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद पडून बोटे काळी पडण्याचा बर्गर रोग जवळपास केवळ तंबाखू वापरणाऱ्यांतच दिसतो. हिरड्यांच्या बाबतीत एक फसवी गोष्ट आहे. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे ओढणाऱ्याच्या हिरड्या आतून खराब असूनही त्यांतून रक्त कमी येते, आणि दात हलू लागेपर्यंत सगळे ठीक वाटते. गरोदरपणात ओढलेली आणि चघळलेली, दोन्ही प्रकारची तंबाखू गर्भाला बाधते. मुदतीपूर्वी प्रसूती, कमी वजनाचे मूल आणि मृतजन्म यांचा धोका दोन्हींत वाढतो. तंबाखूबरोबर मद्यही घेतले तर तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, तो त्याहून बराच वाढतो. तुम्ही मद्याबद्दल काही लिहिलेले नाही, पण तपासणाऱ्या डॉक्टरांना खरे ते सांगा.

उरलेल्या दोन सिगारेटी घरात ओढत असाल, तर धोका तुमच्यापुरता राहत नाही. खिडकी उघडल्याने किंवा पंखा लावल्याने धूर पुरेसा जात नाही. लहान मुलांत त्यामुळे दम्याचे झटके, कानाचे संसर्ग आणि न्यूमोनिया वाढतात, तर प्रौढांत हृदयरोग व फुप्फुसाचा कर्करोग. चघळताना धूर होत नाही, हा त्या सवयीचा एकच खरा फायदा इतरांना मिळतो, पण तुमच्या गालाला त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही सवयी एकाच दिवशी, तारीख ठरवून थांबवा आणि निव्वळ निश्चयाच्या बळावर थांबवू नका. औषधांची मदत घेणे हा कमकुवतपणा मानला जातो, ही माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत हानिकारक समजूत आहे. निकोटीनचे पॅच आणि च्युइंगम ही दोन्ही एकत्र वापरली तर एकट्या प्रकारापेक्षा यश अधिक मिळते. पॅच दिवसभर पाया सांभाळतो आणि गम अचानक उसळणारी तलफ शमवतो. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, इतरांना २ मिलिग्रॅमचा पुरतो. गम साध्या च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. काही वेळा हळू चावून झिणझिणी आली की तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, झिणझिणी ओसरली की पुन्हा चावायचा. सतत चघळल्यास निकोटीन गिळले जाऊन उचकी आणि मळमळ होते. चहा, कॉफी किंवा फळांचा रस घेतल्यावर पंधरा मिनिटे गम घेऊ नये. चुन्याबद्दल वर जे सांगितले त्याचीच ही उलटी बाजू आहे: तोंड आम्लधर्मी झाले की निकोटीन शोषले जात नाही, आणि मग रुग्ण सांगतो की गम काम करत नाही. तुमच्या बाबतीत गम चट्ट्याच्या बाजूला न ठेवता उजव्या गालात ठेवावा, किंवा तपासणी होईपर्यंत पॅचवर भर द्यावा.

व्हेरेनिक्लिन हे दुसरे प्रभावी औषध आहे. मेंदूत निकोटीन जिथे चिकटते त्या जागांवर बसून ते त्यांना अर्धवटच उत्तेजित करते, त्यामुळे तलफही कमी होते आणि मध्येच ओढलेल्या सिगारेटीत पूर्वीचे सुखही राहत नाही. ते साधारणतः ठरवलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करून बारा आठवडे घेतात. बुप्रोपिऑन हाही पर्याय आहे, मात्र फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना तो देत नाहीत. दोन्ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढू शकते, आणि त्याची चिंता करून परत सिगारेटीकडे वळणे हा अत्यंत तोट्याचा व्यवहार आहे. काहींचा खोकला सोडल्यानंतर काही दिवस उलट वाढतो. श्वासमार्गातील झाडूसारखे काम करणारे सूक्ष्म केस पुन्हा हलू लागल्याचे ते लक्षण असते, सोडल्यामुळे झालेले नुकसान नव्हे. आणखी एक सूचना सहसा कोणी देत नाही. धुरातील द्रव्ये यकृतातील, कॅफीन व काही औषधे मोडणाऱ्या एका विकराचा (एन्झाइमचा) वेग वाढवतात, आणि धूर थांबला की तो वेग काही दिवसांतच उतरतो. मग तेवढ्याच कॉफीतले कॅफीन रक्तात जास्त साठते आणि धडधड, बेचैनी होते, जी रुग्णाला तंबाखूची तलफच वाटते. कॉफी निम्मी करावी. थिओफिलिन, क्लोझापिन किंवा ओलांझापिन यांसारखी औषधे चालू असतील तर सिगारेट सोडण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना कळवा, कारण त्यांचा डोस कमी करावा लागू शकतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही, त्यामुळे पॅच लावलेला असला तरी ही काळजी घ्यावीच लागते.

सोडल्याचा फायदा कधी दिसतो, हेही सांगतो. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून जातो. हृदयरोगाचा अतिरिक्त धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत दहा वर्षांत सुमारे निम्मा होतो. तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही उतरतो, पण हळू, म्हणून चट्टा गेला तरी दर सहा महिन्यांनी तोंडाची तपासणी चालू ठेवा.

धापेसाठी स्पायरोमेट्री ही फुंकर मारून करायची तपासणी करून घ्या. ती स्वस्त आहे, दहा-पंधरा मिनिटांत होते आणि खोकल्यापेक्षा जास्त खरे सांगते. छातीचा सीटी स्कॅन मात्र स्वतःहून करून घेऊ नका. कमी किरणोत्सर्गाच्या सीटीने जास्त धोका असलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे वीस टक्क्यांनी कमी होतात, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीत २०११ मध्ये दिसले, पण ती चाचणी ५५ वर्षांपुढील आणि किमान तीस पाकीट-वर्षे ओढलेल्या लोकांची होती, आणि नंतर शिथिल झालेले निकषही पन्नाशीपुढील व वीस पाकीट-वर्षांचे आहेत. रोज वीस सिगारेटींचे एक पाकीट, असे एक वर्ष, म्हणजे एक पाकीट-वर्ष. तुमची साधारण दहा भरतात. खोकल्यातून रक्त पडत नसेल, वजन घटत नसेल आणि साध्या एक्स-रेत काही नसेल, तर तुमच्या वयात त्या स्कॅनमधून निरुपद्रवी डागांची चिंताच जास्त हाती लागते.